बांधालगतचं तास

१२ मार्च

ट्रॅक्टर दारात उभा आहे. जुना आहे, पण इंजिन ठणठणीत. विकणाऱ्याने ही डायरी वर फुकट दिली आणि म्हणाला, रोज काय काम केलं ते लिहीत जा. इतकी वर्षं खाणीत दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर दगड वाहिले आणि दुसऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. आता शिव्या द्यायच्याच झाल्या तर मी देणार.

बायकोने ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "आवाज तुमच्यासारखाच आहे. कामाचं बघू पुढे." तिचं तोंड म्हणजे तिखटाचा डबा. गावात आता बैल उरलेत ते म्हातारे, उठवलं तर उठणारे. म्हणजे सगळ्यांची नांगरट माझ्याकडेच येणार.

१५ मार्च

पहिली नांगरट ताईच्या शेतात. आई गेली तेव्हा मी एवढासा होतो, ताईनेच मला लहानाचं मोठं केलं. दुसऱ्याच्या शेतात सुरुवात केली असती तर ती काही बोलली नसती, पण मला घास गोड लागला नसता.

दाजी सकाळपासून बांधावर येऊन बसले होते. दाजी म्हणजे मुंगीलाही वाट देणारा माणूस. ताई त्यांना ओरडते तेव्हा ते ऐकतात, आणि मग हळूच विचारतात, "झालं? आता चहा दे." मला म्हणाले, "काय मेहुणेबुवा, जमीन सरळ फाडाल ना? की खाणीतल्यासारखे खड्डे पाडाल?"

जमीन वाळून लोखंड झाली होती. फाळ आत गेला आणि मग ती जुनेरासारखी टर्रकन फाटत गेली. मधे उंदरांचं बीळ लागलं. पिल्लं फाळाखाली आली, उरलेली मागून धावणाऱ्या बगळ्यांनी उचलली. ताईने तोंड फिरवलं. मी हसलो. शेती म्हणजे आधी मारायचं, मग पेरायचं.

माझी खरी करामत म्हणजे बांधालगतचं तास, नांगराची अगदी कडेची रेघ. बैलांचा नांगर कडेला पोचत नाही, तिथे हातभर पट्टी तशीच राहते आणि गवत माजतं. मी मागचं चाक बांधाला घासत नेतो आणि फाळ वीतभर बांधाच्या पोटात घालतो. माती आतल्या अंगाला कोसळते आणि काठ सुरीने कापल्यासारखा निघतो. दाजी बघतच राहिले. म्हणाले, "अरे, असं साफ शेत माझ्या बापानेही पाहिलं नसेल."

१७ मार्च

आज मुक्याची नांगरट. मुका म्हणजे दाजींचा बांधाशेजारी. चांगलं बोलता येतं त्याला, पण महिन्यात चार शब्द खर्च करतो म्हणून गाव त्याला मुका म्हणतं. त्याची बायको त्याच्या वाटणीचंही बोलून टाकते, तेव्हा घराचा हिशेब बरोबर बसतो. त्याने आणि दाजींनी लहानपणी याच बांधावर एकत्र गुरं राखली आहेत.

त्याच्या बाजूनेही बांध तसाच साफ करून दिला. तिथे मी हातचं राखत नाही. कडेला फाळ कशावर तरी धडकला आणि ट्रॅक्टर असा उडाला की माझी जीभ दाताखाली आली. तोंडातलं रक्त थुंकत उतरलो. गवतात पुरलेला दगड होता, दिसतही नव्हता. पहारीने उपटला आणि लाथ घालून बांधापलीकडे ढकलून दिला. फाळाचं टोक गेलं.

लोहाराने फाळ भट्टीत घातला आणि म्हणाला, "नांगरतोस की मारामारी करतोस?" मी म्हटलं, "दोन्ही. फुकटात."

२ जून

पेरणीआधीची मशागत सगळीकडे एकदमच येते. अंग आंबून गेलं आहे. ताईचं शेत परवा झालं, आज मुक्याचं. कडेला वळलो तर मुका समोर येऊन उभा राहिला. हात वर केला. मी ब्रेक मारला.

"बांध जरा सोडून चालव," तो म्हणाला.

मी म्हटलं, "कडेला गवत राहिलं तर लोक तुला नाही, मला नावं ठेवतील."

तो बांधाकडे बघत राहिला. मग पुन्हा म्हणाला, "सोडून चालव."

आता हा मला शिकवणार! हो म्हटलं आणि तो पाठ फिरवून गेल्यावर माझ्या पद्धतीने काम पुरं केलं. संध्याकाळी ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "मुका बोलला? मग काहीतरी असेल रे." ताईला सगळ्यांच्यातच काहीतरी दिसतं.

६ ऑक्टोबर

मधले महिने काही लिहिलं नाही. मका उभा होता, लिहिण्यासारखं काही नव्हतं.

मका निघाला. कालपरवा दोन्ही शेतं नांगरून दिली, आधी ताईचं, मग मुक्याचं. बांध पाहून मीच चक्रावलो. पूर्वी त्यावरून दोन माणसं जोडीने जायची, आता एकाला पाय सांभाळून टाकावा लागतो. काल तास धरताना तर वाटलं, फाळ आरपार जाऊन पलीकडचा उजेड दिसेल. माणसं किती हावरट असतात. हातभर मातीसाठी शेजाऱ्याच्या तोंडातला घास काढतील.

९ ऑक्टोबर

दाजींनाही दिसलं. मका उभा होता तोवर बांध झाकलेला होता, आता उघडा पडला. त्याहून वाईट म्हणजे हद्दीचा दगड. तो मुळात बांधाच्या मधोमध होता, दाजींच्या बापाने पुरलेला. आज तो दाजींच्या बाजूला, त्यांच्या शेतात चांगला ढांगभर आत पडलेला सापडला. कुणीतरी उपटून इकडे सरकवला, उघड आहे.

दाजी दगडाजवळ उकिडवे बसले होते. म्हणाले, "तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "मला काय वाटायचंय दाजी? आपल्या बाजूने मीच नांगरतो, म्हणजे आपली बाजू चोख. मग पलीकडून कोण खातंय?" आणि जूनमधली गोष्टही सांगून टाकली. म्हटलं, "मला म्हणत होता, बांध सोडून चालव. चोराच्या मनात चांदणं. मी कडेला गेलो तर त्याची चोरी दिसेल, ही भीती."

दाजींनी दगडावरची माती हाताने पुसली. मग म्हणाले, "आम्ही एका ताटात जेवलोय रे."

"म्हणूनच त्याने ताट पळवलं," मी म्हटलं. वाक्य सुचलं तसं बोललो, पण दाजींच्या तोंडावरचं रक्त उतरलं.

मी मार्चमध्ये एक दगड ढकलला होता, तो हा नव्हे. तो मातीने माखलेला होता आणि एवढा मोठाही नव्हता.

१४ ऑक्टोबर

मुक्याची शेळी बांधावर चरत होती. दाजींनी, माझ्या दाजींनी, खांद्याएवढी काठी उचलली आणि तिच्या मागच्या पायावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ट्रॅक्टरवर बसून ऐकला. शेळी अशी ओरडली की ऐकवेना. मुका आला, शेळी खांद्यावर घेतली आणि एक शब्द न बोलता निघाला. नुसते मूग गिळून बसणारा माणूस खरा नसतो. खरा असता तर तोंड उघडलं असतं.

त्याची बायको मात्र उघडूनच आली. तिच्या मागे तिचा थोरला, विशीतला, हातात दगड. दगड दाजींसाठी होता. ताई मधे पडली आणि तो तिच्या कपाळावर बसला. ताई मटकन खाली बसली, रक्त डोळ्यात, तोंडात, पदरावर. ती रडत नव्हती. म्हणत होती, "घरी चला, सगळे घरी चला."

मी तिला उचलून घरी नेलं. माझा सदरा अजून धुवायला टाकलेला नाही. तो तसाच राहू दे.

१५ ऑक्टोबर

सदरा अंगात घातला आणि ट्रॅक्टरची सळई घेतली. मुक्याचा थोरला पिठाच्या गिरणीवरून डोक्यावर पोतं घेऊन येत होता. मी म्हटलं, "हे रक्त ओळखतोस?" तो पोतं टाकून पळायला लागला. पहिला घाव पाठीत बसला. तो पालथा पडला, डोक्यावर हात घेतला, तर दुसरा हातावर बसला. मनगट उलट्या दिशेला वाकलं. पोतं फुटून पीठ सगळ्या रस्त्यावर सांडलं होतं आणि तो त्यात लोळत होता, पांढरा आणि लाल. गिरणीवाला दारात उभा राहून बघत होता. कुणी सोडवायला आलं नाही.

घरी आलो. बायकोने पाण्याची बादली पुढे केली. "धुवा," म्हणाली. मग म्हणाली, "त्याच हाताने तो कुदळ धरतो ना? आता धरणार नाही." मी म्हटलं, "माझ्या बहिणीचं कपाळ फुटलं." ती म्हणाली, "फुटलं खरं. पण नीट विचारा हो, हे सगळं कुठून सुरू झालं?" मी म्हटलं, "मुक्यापासून." तिने बादली ओतून दिली आणि आत गेली.

बरं वाटत होतं आणि नव्हतंही. जेवण गेलं नाही.

२९ ऑक्टोबर

अपेक्षा होतीच. मुक्याच्या थोरल्याच्या चौघा मित्रांनी दाजींना विहिरीवर गाठलं. पंपाच्या रबरी पाइपने मारलं. दोन दात पडले, एक कान फाटला, आणि मग त्यांना विहिरीच्या पायऱ्यांवरून पाण्यात ढकलून दिलं. ताईने पोहऱ्याचा दोर टाकून वर काढलं. मी पोचलो तेव्हा दाजी भिंतीला टेकून बसले होते आणि तोंडातून लाळ आणि रक्त एकत्र गळत होतं. पडलेले दात त्यांनी मुठीत धरले होते.

मी म्हटलं, "दाजी, बोला. आज रात्रीच बघतो एकेकाला."

ते म्हणाले, "चौघांचं काय घेऊन बसलास. जमीन कोण खातंय?"

पोलीस आले होते. दोन्हीकडून लिहून घेतलं, दोन्हीकडून चहा प्याले, आणि समजुतीने घ्या म्हणून गेले. समजूत!

५ नोव्हेंबर

दाजी आता ताईच्या ओरडण्यालाही उत्तर देत नाहीत. चहा मागत नाहीत. सकाळ झाली की बांधावर जाऊन बसतात आणि काठीने माप घेतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच माप. ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "धाकट्या, तू त्यांच्याशी बोल. तुझं ऐकतात ते. सांग, गेली माती तर गेली. मला माती नको, माणूस हवं आहे."

मी हो म्हटलं आणि गेलो. पण दाजींनी विचारलं, "रोज पातळ होतोय ना रे?" आणि मला खोटं बोलवेना. बांध खरंच पातळ होता. मी म्हटलं, "होतोय."

लोहाराकडे गेलो होतो. म्हणाला, तुझे दाजी कुऱ्हाड धारेला लावून गेले, लाकडं फोडायची आहेत म्हणाले. थंडी येतेच आहे.

१० नोव्हेंबर

लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

मी वरच्या अंगाला गिरणीवाल्याच्या शेतात होतो. तिथून ताईचं आणि मुक्याचं, दोन्ही शेतं दिसतात. दुपारी मुका फावडं आणि पाटी घेऊन आला. स्वतःच्या शेताच्या मधोमध गेला, पाटी भरली, आणि बांधाकडे चालत आला. वाकला. काहीतरी ठोकल्यासारखं केलं. पुन्हा गेला, पुन्हा भरली, पुन्हा बांधावर. असं कितीतरी वेळ. भर दिवसा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रॅक्टर तसाच सोडून धावलो आणि दाजींना गाठलं. म्हटलं, "दाजी, तो बांधावर फावडं चालवतोय. उरलासुरलाही नेतोय."

ताई चुलीपुढे होती. तिने ऐकलं, हातातला तवा टाकून दाराकडे आली. पण दाजींनी कुऱ्हाड घेतलेली होती. तिने पाठीमागून त्यांचा सदरा धरला, तो तिच्या हातात फाटला.

मी मागे धावत होतो. मला वाटलं होतं ते त्याला दम देतील. फार तर हातपाय.

मुका बांधावर गुडघे टेकून बसलेला होता, पाठ आमच्याकडे. पावलं ऐकून वळला. दाजींनी काहीही विचारलं नाही. पहिला घाव खांद्यात शिरला आणि तिथेच अडकला. कुऱ्हाड काढायला दाजींना त्याच्या छातीवर पाय द्यावा लागला. मुक्याने पाटी दोन्ही हातांनी पुढे धरली, ताटासारखी, आणि म्हणाला, "भरतोय रे. भरतोय." दुसऱ्या घावाने पाटी फुटली. तिसरा मानेवर बसला. मग दाजी थांबलेच नाहीत. चेहरा कुठे आणि माती कुठे कळेनासं झालं, तरी मारतच होते, आणि प्रत्येक घावाला हुंकार देत होते, ओंडका फोडतात तसा. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली तेव्हा कुऱ्हाडीचा दांडा माझ्या हनुवटीवर बसला.

मग एकदम सगळं शांत झालं. पाटीतली माती बांधावर सांडली होती आणि रक्त तिच्यात जिरत होतं. बांधाचा तो भाग चांगला रुंद दिसत होता, नवा, वरून थोपटलेला.

काय भरतोय म्हणाला ते कळलं नाही. पाटी भरत होता, एवढं तर मीही पाहिलं होतं.

१३ नोव्हेंबर

दाजींनी स्वतःच हात पुढे केले. पोलिसांना म्हणाले, "माझी जमीन होती." एवढंच.

काल मुक्याच्या माणसांनी ताईची चाऱ्याची गंज पेटवली. गोठ्याला आग लागली. गाय सोडवायला ताई आत गेली आणि तिचे दोन्ही तळहात भाजले. गाय वाचली नाही. दोरी तुटेना, ती जागेवरच जळाली, आणि शेवटपर्यंत उभी होती. मी ताईला आणि तिच्या लहान पोरीला माझ्या घरी आणलं. भाची काही खात नाही. माझी बायको तिच्याशेजारी झोपते.

मुक्याची बायको गावभर फिरते आणि आता एक शब्द बोलत नाही.

१८ जानेवारी

कोर्टाच्या कामासाठी मोजणीवाला आला. यंत्र लावलं, खुंट्या ठोकल्या, सकाळपासून दुपारपर्यंत. दोन पोलीस मधे उभे होते, एका बाजूला आम्ही, एका बाजूला मुक्याचा थोरला, हात अजून वाकडाच. मोजणीवाल्याने घाम पुसला आणि म्हणाला, "कुणाचीच जमीन कमी नाही. दोन्ही शेतं कागदापेक्षा जराशी जास्तच भरतात. कमी आहे तो फक्त बांध. दोन्ही अंगांनी सारखाच कापलेला आहे."

मी म्हटलं, "साहेब, यंत्र तपासून घ्या." नाचता येईना अंगण वाकडं. शहरातला माणूस, त्याला बांध आणि रस्ता यातला फरक कळतो का देव जाणे.

ताई बांधावर वाकली होती. पट्ट्या बांधलेल्या हातांनी ती मुका जिथे पडला होता तिथली माती उचलून बघत होती. मग मुक्याच्या शेताच्या मधोमध गेली. तिथे एक खड्डा आहे, पाट्या भरून नेल्याने पडलेला. तो कितीतरी वेळ बघत राहिली. मुक्याच्या थोरल्याने तिला हटकलं नाही. मीच हाक मारून परत बोलावलं.

३ मार्च

ताईचं शेत पडून होतं. म्हटलं, दाजी नाहीत म्हणून काय झालं, भाऊ मेला नाही. सकाळीच ट्रॅक्टर नेला. ती म्हणाली, "मी येते मागून." मी म्हटलं, "ढेकळं पायाला टोचतील." तरी आली, अनवाणी, तासातून चालत.

शेवटी बांधाकडे वळलो. चाक घासून घेतलं, फाळ टाकला. आता बांध राहिलाय केवढा, पहिल्याच रेट्याला माती धडाधड आत आली. पुढे बघतो तर ताई ट्रॅक्टरसमोर. कशी आली, कधी आली, कळलं नाही. ब्रेक मारला, तरी पुढचं चाक तिच्या पायाला टेकलं.

"हे असंच करतोस नेहमी?" ती म्हणाली.

"काय?"

"हे. फाळ आत घालतोस ते."

"मग काय गवत ठेवू तुझ्या शेतात? पहिल्यापासून असंच करतोय. दाजी स्वतः खूश झाले होते."

ती म्हणाली, "आणि त्याच्या बाजूने?"

मला रागच आला. म्हटलं, "ताई, मी कामात आपपरभाव करत नाही. तुझ्या बाजूला जसं, तसंच त्याच्या बाजूला."

ती तिथेच तासात बसली. मला वाटलं चक्कर आली. उतरून जवळ गेलो, वाकलो, तर तिने दोन्ही हातांत धरून ढेकूळ माझ्या तोंडावर घातलं. मग दुसरं. मग नुसत्या मुठींनी. तळहात अजून कोवळे आहेत, त्यांतून रक्त आलं, तरी मारत होती. माझं नाक फुटलं. तिने मला लहानपणी कधी चापटसुद्धा मारली नव्हती. मी हात उचलला नाही. ओरडत होतो, "काय केलंय मी? काय केलंय?"

दमली तेव्हा म्हणाली, "तो भरत होता रे. स्वतःच्या शेतातली माती आणून भरत होता. आणि तू धावत आलास सांगायला."

मी म्हटलं, "कोण कशाला स्वतःच्या शेतातली माती आणून..."

"गप्प बस."

इंजिन चालू होतं. ती उठली, तोंड पुसलं, आणि एखाद्या परक्याशी बोलावं तसं म्हणाली, "हे कुणाला सांगायचं नाही. त्याच्या थोरल्याला कळलं तर तो तुला चिरेल, आणि मला अजून एक मढं नको आहे. आणि यांना तर मुळीच नाही. आत बसून यांच्याकडे धरायला एवढं एकच आहे, की आपण जमीन वाचवली."

६ मार्च

तीन दिवस डोक्यात तेच चाललंय. ताई दुःखाने भ्रमिष्ट झाली असावी. मी काय चोर आहे? मूठभर माती मी माझ्या घरी नेलेली नाही. बांधाची माती शेतातच पडते, कुठे जात नाही. सगळं गाव असंच नांगरून घेतं माझ्याकडून. लोहाराच्या मेव्हण्याचं, गिरणीवाल्याचं, सगळ्यांचं. कुणाचे बांध कमी झाले? गिरणीवाल्याचा जरासा झाला आहे. तो त्याच्या शेजाऱ्याला दोष देतो.

बायकोला विचारलं, "तुला काय वाटतं?" तिने भाचीच्या वेणीतून कंगवा काढला आणि म्हणाली, "तुम्ही मला विचारताय, म्हणजे तुम्हाला माहीत आहे." बायकांना कोड्यात बोलायची खोड असते.

आज कामाला गेलो नाही. गिरणीवाल्याने दोनदा माणूस पाठवला.

११ मार्च

दाजींना भेटायला गेलो, ताई आणि मी. जाळीपलीकडे आले. गाल आत गेले आहेत, केस कापलेले, ओळखू येईनात. ताईने विचारलं, जेवता का, झोप लागते का. ते हो म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या नाकाची सूज अजून उतरलेली नाही, पण ते त्यांना दिसलंच नाही.

"बांध आहे ना रे?" म्हणाले.

मला वाटलं, सांगूनच टाकावं. की दाजी, बघा, ताईच्या मनात काय खूळ शिरलंय, तुम्हीच समजावा हिला. तुम्ही म्हणालात की ती ऐकेल. तुम्ही हसाल, मग मलाही हसता येईल. मी म्हटलं, "दाजी, ताई म्हणते की..."

ताईने माझं मनगट धरलं. बऱ्या न झालेल्या हाताने, नखं आत जाईपर्यंत.

"काय म्हणते?" दाजींनी विचारलं.

"मी म्हणते," ताई म्हणाली, "बांध चांगला रुंद झालाय. दोन माणसं जोडीने जातील एवढा. गवत आलंय वर. कुणी हात लावत नाही त्याला."

दाजींनी डोळे मिटले. जाळीला कपाळ टेकवलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा पूर्वीसारखा दिसला, चहा मागायच्या वेळी दिसायचा तसा.

"मग झालं," ते म्हणाले. "मग फुकट नाही गेलं काही."

भेटीची वेळ संपली. परतीच्या बसमध्ये ताई माझ्या शेजारी बसली नाही, मागच्या बाकावर जाऊन बसली.